अर्ध्यावरच्या गोधड्या : प्रस्तावना

गोधडी शिवायला वेळ लागतो, हे न शिवणाऱ्यालाही ठाऊक असते. ती नेमकी कुठे अडते आणि का अडते, हे मात्र शिवणाऱ्या बायकांनाही चटकन सांगता येत नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर, पलंगाखालच्या ट्रंकेत, शिलाई मशीनच्या मागे बोचकी पडून असतात. एखाद्या बोचक्यात वरचा भाग जोडून झालेला असतो, पण अस्तर आणायचे राहिलेले. दुसऱ्यात चारही कडांनी टाके घातलेले आणि मधला भाग मोकळा. तिसऱ्यात जुनी लुगडी धुऊन, घड्या घालून ठेवलेली, आणि सुईने त्यांना अजून शिवलेलेही नाही. या पुस्तकाच्या लेखिकेने एक अख्खे वर्ष अशा बोचक्यांसोबत काढले. एका दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत नवी गोधडी सुरू करायची नाही, घरात आणि नात्यागोत्यात अडकलेली कामे बाहेर काढायची आणि प्रत्येकाचा काहीतरी निकाल लावायचा, असे त्यांनी ठरवले आणि ते तडीस नेले. हस्तकलेवरची पुस्तके बहुधा काम कसे करावे ते शिकवतात. राहून गेलेल्या कामाकडे इतक्या आस्थेने पाहणारे मराठी पुस्तक मी पहिल्यांदाच वाचले.

विषयात नव्याने येणाऱ्या वाचकासाठी आधी थोडी ओळख. गोधडी म्हणजे रजई नव्हे. रजईत पिंजाऱ्याने पिंजलेला कापूस भरतात आणि तो सरकू नये म्हणून मोजके टाके घालतात. गोधडीत कापडावर कापड असते. खाली एक लुगडे, वर एक लुगडे, मध्ये विटलेली धोतरे, फाटक्या चादरी, परकर, सदरे, जे मऊ झाले आहे ते सगळे. या थरांतून जवळजवळ अंतरावर धावदोरा जातो आणि टाक्यांच्या ओळी कडेकडेने सुरू होऊन चौकोनात चौकोन करत आत सरकतात. कोल्हापूर-सांगलीकडे हीच वाकळ. तान्ह्या बाळासाठी तिचा छोटा, हलका अवतार म्हणजे दुपटे. घरातले जुने कापड एक तर बोहारणीच्या भांड्यांच्या मोबदल्यात जायचे, नाही तर गोधडीत. मऊ सुती जुनेर बहुतेक वेळा गोधडीलाच मिळायचे, कारण अंगाला लागणाऱ्या कापडाची पारख बायकांना चांगली होती.

थर एकत्र शिवण्याची ही रीत जगात फार जुनी आहे आणि तिची घराणी अनेक. सिसिलीत चौदाव्या शतकात शिवलेल्या, ट्रिस्टनची कथा टाक्यांत उठवलेल्या पांघरुणाचे भाग आज लंडन आणि फ्लोरेन्सच्या संग्रहालयांत आहेत. आपल्या उपखंडात बंगालच्या कांथेचा उल्लेख कृष्णदास कविराजांच्या ‘चैतन्यचरितामृता’त येतो. नाथपंथी जोग्याच्या वेशात कंथा असते. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून करावे आणि त्या जोडांची रेघ मगधातल्या भातखाचरांच्या बांधांसारखी दिसावी, असे विनयपिटक सांगते. आपल्याकडे गाडगेबाबांनी चिंध्यांचेच वस्त्र पांघरले. तुकडे जोडून अंग झाकणे ही एकीकडे गरिबीची खूण आणि दुसरीकडे विरक्तीची, असा हा दुहेरी वारसा आहे.

घराण्यांचा तपशील थोडक्यात. सिंध, कच्छ आणि पश्चिम राजस्थानात रल्ली: गडद रंगांचे तुकडे, भौमितिक नक्षी, मुलीच्या लग्नात द्यायचा मानाचा आहेर. बिहारात मुजफ्फरपूरजवळच्या भुसुरा गावाची सुजनी. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिला नव्याने चालना मिळाली आणि तिथल्या बायकांनी हुंडा, मुलींचे शिक्षण, दारू असे आपले प्रश्न टाक्यांत उतरवले. जपानच्या थंड उत्तर भागात, जिथे कापूस पिकत नव्हता, तिथे ठिगळावर ठिगळ चढवलेले ‘बोरो’. आणि युरोप-अमेरिकेतले ‘क्विल्ट’, ज्याच्याबद्दल सर्वांत जास्त लिहिले गेले आहे.

कांथेपाशी आणि कवंदेपाशी मात्र मला थोडे थांबायचे आहे, कारण या पुस्तकाचा मूळ प्रश्न तिथे उलगडतो.

नक्षीच्या कांथेत आधी थर कच्च्या टाक्याने जुळवून घेतात. मग बहुधा मधले कमळ काढतात, चार कोपऱ्यांत कोयऱ्या किंवा झाडे येतात, त्यानंतर मधली जागा माणसे, हत्ती, मासे, पालख्या यांनी भरत जाते आणि शेवटी सगळी पार्श्वभूमी बारीक पांढऱ्या धावदोऱ्याने भरली की कापडावर ती ओळखीची लाटेसारखी चुणी उमटते. काम मधून बाहेर जाते, म्हणून सोडून दिलेल्या कांथेत काय राहिले ते लांबूनही दिसते. जसीमुद्दीन यांच्या १९२९च्या दीर्घकाव्यात नायिका साजू आपल्या वियोगाची सगळी कथा एका कांथेत शिवते आणि ती आपल्या कबरीवर पसरायला सांगते. ती कांथा अर्धी राहिली असती तर काव्यच उभे राहिले नसते.

कवंद ही उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागांतल्या सिद्दी बायकांची. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज त्यांच्यात आहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या घरची बोली कोकणी आहे, म्हणून आपल्या वाचकाला ही कला परकी वाटू नये. कवंद कोपऱ्यापासून सुरू होते. बाई कडेने तुकडे लावत फिरते आणि मध्यावर येऊन थांबते. ठिगळ लावणे आणि थर शिवणे ही दोन कामे नसतात. तोच टाका तुकडा जोडतो आणि तोच सगळे थर आवळतो. चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी घडीची ‘फुला’ लावली की कवंद पुरी. फुलांवाचून ती उघडी समजतात. हेन्री ड्रूअल आणि सारा खान यांच्या अभ्यासामुळे ही परंपरा जगाच्या अभ्यासकांसमोर आली.

आता अमेरिकी क्विल्ट पाहा. त्यात आधी कापडाचे तुकडे कापून चौकटी शिवायच्या, चौकटी जोडून वरचा भाग तयार करायचा. मग भरण आणि अस्तर घालून तिन्ही थर टाचायचे, मग आरपार टाके घालायचे, शेवटी कडेला गोट लावायचा. प्रत्येक टप्प्याला वेगळी जागा, वेगळे कसब आणि वेगळा धीर लागतो. चौकटी मांडीवर शिवता येतात. तीन थर टाचायला मात्र रिकामी जमीन हवी आणि दुसरे माणूसही. म्हणूनच तिथल्या बायकांच्या कपाटांत सर्वांत जास्त साठतात ते नुसते वरचे भाग. काम अडते ते दोन टप्प्यांच्या सांध्यावर. लेखिकेच्या वर्षभराच्या कामातून हेच पुन्हा पुन्हा पुढे येते. गोधडी आणि कवंद यांना असे सांधे फार थोडे आहेत. कडेकडेने आत येणारी गोधडी अर्ध्यावर थांबली तरी तिच्या कडा पक्क्या झालेल्या असतात. एखाद्या थंडीच्या रात्री ती तशीच अंगावर घेता येते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा शिवायला बसता येते. आपल्या आज्या कामसू होत्या म्हणून त्यांच्या गोधड्या पुऱ्या झाल्या, हे आपण सहज म्हणतो. त्यांच्या कष्टांना पूर्ण मान देऊनही मला असे वाटते की त्या गोधडीची घडणच काम पुढे नेणारी होती. शिवाय ती सुरू व्हायची ती घरातले लुगडे विरले म्हणून, आणि संपायची ती घरात बाळंतपण आले, थंडी आली किंवा मुलगी सासरी निघाली म्हणून. आरंभ आणि शेवट दोन्ही घराच्या गरजेने ठरायचे.

छंद म्हणून शिवण्यात हे दोन्ही दोर सुटतात. आरंभ होतो नवे कापड आवडले म्हणून. शेवटाची तारीख कुणीच दिलेली नसते. त्यात हत्यारांनीही भर घातली. १९७९ साली जपानच्या ‘ओल्फा’ कंपनीने कापड कापायचे फिरते पाते बाजारात आणले. कात्रीने संध्याकाळभर चालणारे काम चटईवर पट्टी ठेवून थोड्या वेळात होऊ लागले. पट्ट्या कापून मशीनवर जोडण्याच्या नव्या पद्धती त्यातूनच रुळल्या. वरचा भाग भराभर तयार होऊ लागला, पण थर टाचणे आणि आरपार शिवणे होते तितकेच सावकाश राहिले. सुरुवात स्वस्त झाली, शेवट महागच राहिला. अमेरिकी क्विल्टकार बायका अशा कामांना ‘यूएफओ’ (‘अनफिनिश्ड ऑब्जेक्ट’, म्हणजे अपुरी वस्तू) म्हणतात आणि वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्या याद्या करतात.

एक उदाहरण या सगळ्या गोष्टी एकत्र दाखवते. व्हरमाँट राज्यातल्या जेन स्टिकल या बाईने १८६३ साली, अमेरिकेतले यादवी युद्ध चालू असताना, एक क्विल्ट पुरा केला आणि त्याच्या कोपऱ्यात युद्धकाळाची नोंद, साल आणि ५६०२ तुकडे असा आकडा शिवून ठेवला. तो आज बेनिंग्टन संग्रहालयात आहे. मधल्या भागात १६९ छोट्या चौकटी आहेत, आणि नक्षी बहुतेक प्रत्येकीची निराळी. १९९६ साली ब्रेंडा पापाडाकिस यांनी त्याचे नमुने पुस्तकरूपाने दिले आणि तेव्हापासून जगभरच्या बायका तो क्विल्ट शिवायला घेत आहेत. तो पुरा करणाऱ्या खूप आहेत, पण दहावीस चौकटींवर थांबलेल्याही तितक्याच सहज भेटतात. जेन स्टिकलसमोर दुसऱ्याने आखलेला नमुना नव्हता. आजच्या शिवणारीसमोर संपूर्ण नकाशा असतो आणि तो पाहूनच दमायला होते.

अर्धवट कामाकडे केवळ राहिलेले ओझे म्हणून पाहू नये, हे इंग्लंडमधल्या जुन्या जोडकामांवरून पटते. तिथे षट्कोनी तुकडे शिवताना आत कागदाचा साचा घालून त्यावर कापड दुमडत आणि काम झाले की कागद काढून टाकत. कागद महाग, म्हणून जुनी पत्रे, बिले, मुलांच्या वह्या कापून साचे करत. पुऱ्या झालेल्या कामातून ते कागद गेले. जी कामे राहून गेली त्यांच्या पाठीला ते अजून टाचलेले आहेत आणि संग्रहालयांतले अभ्यासक आज ते वाचतात. कागदावरची तारीख पाहून तो तुकडा कोणत्या वर्षाच्या आधीचा नसणार हे ठरवता येते. कुणाच्या घरचे दुकानाचे बिल, कुणाच्या मुलाचा गिरवलेला कित्ता, सगळे तिथे आहे. ज्या बाईला काम संपवायला जमले नाही, तिच्या संसाराबद्दल आपल्याला काम संपवणाऱ्या शेजारणीपेक्षा जास्त कळते. लेखिकेने आपल्या बोचक्यांत सापडलेल्या चिठ्ठ्या, बसची तिकिटे आणि दोऱ्याच्या रिळांवरची किंमत इतक्या काळजीने का नोंदवली आहे, ते इथे समजते.

अर्धवट कामांच्या प्रश्नाला मानसशास्त्रानेही हात घातला आहे. १९२७ साली बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या शिष्या ब्लूमा झायगार्निक यांनी मांडले की मध्येच तोडलेली कामे पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकारी मारिया ओव्हस्यांकिना यांनी दाखवले की अडवलेले काम संधी मिळताच माणसे कुणी न सांगता पुन्हा हाती घेतात. झायगार्निकचा निष्कर्ष लोकप्रिय झाला, पण पुढच्या तपासण्यांत तो सगळीकडे टिकला नाही. ओव्हस्यांकिनाचा जास्त पक्का ठरला. शिवणाऱ्यांना उपयोगी पडेल असा आणखी एक अभ्यास मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांचा, २०११ सालचा. राहिलेले काम मनात टोचत राहते, पण ते कधी आणि कसे करायचे याचा नेमका बेत केला की टोचणी कमी होते, काम प्रत्यक्ष पुरे झाले नसले तरीही. लेखिका प्रत्येक बोचक्यावर एक चिठ्ठी टाचते आणि तिच्यावर फक्त पुढची एक कृती लिहिते: ‘अस्तराला साडेतीन मीटर मांजरपाट आणणे’, ‘डावा कोपरा उसवून पुन्हा’. ही साधी रीत मला पुस्तकातली सर्वांत मोलाची वाटली. ‘गोधडी पूर्ण करणे’ असे कुणी चिठ्ठीवर लिहिले तर ती चिठ्ठी निरुपयोगी, कारण उठून लगेच करता येईल असे तिच्यात काही नाही.

गोधडीला कलेचा मान मिळाला तो उशिरा, आणि त्या इतिहासात पुष्कळ अन्याय आहे. जॉर्जिया राज्यात गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांना आपला बायबल क्विल्ट १८९१ साली अडचणीपोटी पाच डॉलरला विकावा लागला. तो आता स्मिथसोनियन संस्थेत आहे. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने क्विल्ट भिंतीवर चित्रांसारखे टांगले. अलाबामातल्या जीज बेंड इथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतावरच्या विटक्या कपड्यांतून शिवलेले क्विल्ट २००२ साली तिथे पोचले आणि २००६ साली टपाल तिकिटांवर आले. त्याआधी, १९६६ साली, त्या भागातल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली होती. १९८७ साली वॉशिंग्टनच्या हिरवळीवर पहिल्यांदा पसरलेला एड्स स्मृती-क्विल्ट तर मुद्दाम न संपणारा आहे. तीन फूट रुंद, सहा फूट लांब असा एकेक तुकडा एकेका गेलेल्या माणसासाठी, आणि आज असे जवळजवळ ५०,००० तुकडे. भिंतीवर टांगल्याने क्विल्टला प्रतिष्ठा मिळाली, यात शंका नाही. पण संग्रहालयाला पुरी झालेली, काठाकोपऱ्यांत नीट असलेली वस्तू लागते, आणि घरातल्या शिवणकामाचा मोठा भाग तशा वस्तूपर्यंत पोचतच नाही. तो भाग इतिहासातून गळतो. हे पुस्तक नेमका तोच भाग हाती घेते.

आजच हे पुस्तक यावे याला आपल्याकडे वेगळे कारण आहे. गोधडीचे कापडच संपत चालले आहे. सुती नऊवारी रोज नेसणाऱ्या पिढीतल्या बायका आता थोड्या उरल्या. पॉलिस्टरची साडी वर्षानुवर्षे विटत नाही, मऊ होत नाही, घाम टिपत नाही, आणि सुईखाली सरकते. तिची गोधडी दिसायला होते, अंगावर घ्यायला होत नाही. थंडीला बाजारात स्वस्त ब्लँकेट मिळते. दुपारी अंगणात चौघींनी चार कडांना बसावे, अशी दुपार शहरात नाही आणि खेड्यातही कमी झाली. त्याच वेळी शहरांत गोधडीचे वर्ग भरतात, ऑनलाइन विक्री होते, आजीच्या साड्यांची गोधडी परदेशातल्या नातवंडाला पाठवायची हौस वाढते आहे. याचा मला आनंदच वाटतो. पण नव्या शिकणाऱ्यांना गोधडीबरोबरच अर्धवट गोधड्यांचा ढीगही मिळणार आहे, कारण त्यांनी कापड विकत आणून, नमुना निवडून सुरुवात केली आहे. त्यांना या ढिगाशी कसे वागायचे ते कुणीतरी सांगायला हवे होते.

लेखिका ते सांगतात, पण उपदेशाच्या सुरात नाही. त्यांच्या मते अडलेल्या गोधडीला चार वाटा आहेत: पुरी करणे, लहान करून पुरी करणे, दुसऱ्याच्या हाती देणे, आणि उसवून कापड मोकळे करणे. दोन माणसांच्या पलंगाएवढी आखलेली गोधडी दुपट्याएवढी झाली तर त्यात काही उणे नाही. उसवण्याला त्यांनी पराभव मानलेले नाही, हेही मला पटते. जे कापड उसवून दुसऱ्या गोधडीत जाते, तेच गोधडीच्या मूळ रीतीला धरून आहे. दुसऱ्याच्या हाती देण्याची वाट आता जगातही रुजते आहे. अमेरिकेत २०२२ साली सुरू झालेल्या ‘लूज एंड्स’ या उपक्रमात, मरण पावलेल्या किंवा आजारपणाने हात थांबलेल्या माणसांची विणकामे आणि शिवणकामे अनोळखी स्वयंसेवक पुरी करून त्यांच्या घरी परत देतात.

एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे आणि ते सांगितले पाहिजे. गेलेल्या बाईची गोधडी पुरी करताना तिच्या टाक्याची लांबी, तिचा दोरा, तिची ओळ जशीच्या तशी धरावी, असा लेखिकेचा आग्रह आहे. त्यामागचा आदर मी समजते. तरीही मला वाटते, पुढे शिवणारीने वेगळ्या रंगाचा दोरा घ्यावा. पहिलीचे काम कुठे थांबले आणि दुसरीने कुठून उचलले, हे पन्नास वर्षांनी गोधडी हाती घेणाऱ्याला दिसायला हवे. हुबेहूब टाका घातला की पहिल्या बाईचा शेवटचा टाका कायमचा हरवतो. वाचकांनी दोन्ही बाजू वाचून आपापले ठरवावे.

वर्ष संपल्यावर सगळी बोचकी रिकामी झाली, असे या पुस्तकात कुठेही म्हटलेले नाही. काही राहिली आहेत आणि ती का राहिली याचा हिशेब दिला आहे. या विषयावर मराठीत एवढे प्रामाणिक आणि उपयोगी लेखन दुसरे नाही, असे मी जबाबदारीने म्हणते.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या घरी अर्धवट गोधडी असेल तर सुईदोरा घेण्याआधी एक कागद घ्या. तिच्यात कुणाचे लुगडे आहे, कुणाचे धोतर, कोणता तुकडा कुठल्या कपड्याचा आणि टाके कुणाचे, हे ओळखणारे माणूस घरात असताना त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि तो कागद गोधडीला टाचून ठेवा. शिवायचे काम नंतरही होईल.